महादेवगडावरून

आंबोलीला जाणारी मंडळी बहुधा पावसाळ्यात जातात आणि महादेवगडाच्या कड्यावर उभी राहून, धुके पाहून परततात. गेल्या श्रावणात आमच्या गावातील युवकांबरोबर मीही असाच गेलो होतो. कठड्यापलीकडे पांढऱ्या भिंतीशिवाय काही नव्हते. दहा मिनिटांत एक मुलगा कंटाळून म्हणाला, "फादर, हय काय एक दिसना नाय. चला, धबधब्याकडे जावया." मी त्याला अडविले नाही, कारण त्याचे म्हणणे खरे होते. वर्षाकाठी ७०० सेंटिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या त्या माथ्यावर आषाढ-श्रावणात दुसरे काय दिसणार? परंतु त्याच मुलांना मी नाताळाआधीच्या आठवड्यात पुन्हा तेथे नेले. त्या दिवशी जे दिसले, त्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

आंबोलीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर. एवढ्या उंचीवरून क्षितिज ९० किलोमीटरहून लांब जाते, हे शाळेतील भूमितीनेही काढता येते. आणि वेंगुर्ल्याचा किनारा तर तेथून सरळ रेषेत ४० किलोमीटरच्या आसपास. तेव्हा हवा निवळ असेल तर समुद्र दिसलाच पाहिजे, आणि तो दिसतो. प्रथम ती रुपेरी रेघ आकाशाचाच भाग वाटते. डोळा स्थिरावला की तिच्या अलीकडे माडांची काळपट किनार, तिच्या अलीकडे टेकड्यांच्या लाटा आणि अगदी पायाशी पारपोलीचे रान, असा सगळा सावंतवाडी प्रांत उलगडत जातो. पलीकडच्या रेघेवर सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्याला वखार थाटली; तेथून उत्तरेला मालवणच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. समुद्राकडून येणाऱ्याला घाट चढल्यावाचून देशावर जाता येत नसे, आणि घाट चढणारा या कड्यांच्या नजरेतून सहसा सुटत नसे. म्हणूनच या कड्याला 'गड' म्हणत.

आज मात्र पाटीवर 'महादेवगड पॉइंट' असे असते, आणि बोलताना लोक 'गड' गाळून 'पॉइंट' तेवढा ठेवतात. हा शब्द इंग्रजांबरोबर आला. महाबळेश्वरी त्यांनी एकेका कड्याला आपल्या गव्हर्नरांची आणि सेनापतींची नावे दिली, आणि कडा ही निवांत बसून पाहण्याची जागा ठरली. वेंगुर्ला बंदर सावंतवाडीकरांनी १८१२ मध्ये इंग्रजांना दिले. तेथून बेळगावच्या छावणीला जाणारी वाट पूर्वी रामघाटाने जाई. पुढे पारपोली घाटातून, म्हणजे आजच्या आंबोली घाटातून, गाडीरस्ता झाला. त्यानंतर पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी आंबोलीला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप दिले. या गृहस्थांविषयी माझी तक्रार नाही. घामाने निथळणाऱ्या वाडीतून वर आल्यावर त्यांना जो आराम वाटला असेल, तो मलाही वाटतो. परंतु त्यांच्या आधी या माथ्यांवरून खाली पाहणे हे ज्यांचे पोट होते, ती माणसे त्या नव्या नावाआड दिसेनाशी झाली.

ती माणसे म्हणजे गडकरी. किल्ल्याची राखण पिढीजात त्यांच्याकडे असे आणि तिच्या मोबदल्यात जमिनी असत. जमीन गेली तर पहारा गेला, आणि पहारा गेला तर घरात चूल पेटण्याची भ्रांत. कोल्हापूरच्या राज्यात राजे अल्पवयीन असताना इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले. त्यांच्या नव्या व्यवस्थेत गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली आल्या. कागदावर ही सुधारणा असेल. गडकऱ्यांना ती भाकरीवरची धाड वाटली. १८४४ मध्ये सामानगड आणि भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. ऑक्टोबरात सामानगड पडला, परंतु तोवर बंडाचे लोण घाट उतरून सावंतवाडीत पोहोचले होते. तेथील कारभार तर १८३८ पासूनच इंग्रजांनी आपल्या हाती घेतला होता, त्यामुळे असंतोषाला नवे सरपण लागले नाही.

या ठिकाणी मी मुलांना आधी पूर्वेकडे तोंड करायला लावले. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी तिकडे आजरा, गडहिंग्लज करीत घटप्रभेला मिळते आणि तिचे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. सामानगड त्याच गडहिंग्लजजवळ. मग त्यांना उत्तरेकडे वळविले. नारायणगड जवळच उभा. त्याच्याही पलीकडे, सह्याद्रीच्या रांगेत, मनोहर आणि मनसंतोष हे जुळे गड. त्या मनोहरगडाच्या परिसरात तेरेखोल नदी उगम पावते आणि गोव्याच्या सीमेवर अरबी समुद्राला मिळते. बंड हिरण्यकेशीच्या खोऱ्यात पेटले, मनोहरगडावर तगून राहिले आणि अखेर तेरेखोलपलीकडे पोर्तुगीजांच्या मुलखात विझले. या माथ्यावर जो पाणलोट दुभंगतो, त्याच्या दोन्ही उतारांवर ही एकच गोष्ट घडली. पुस्तकात कोल्हापूरचे बंड एका प्रकरणात आणि वाडीचे दुसऱ्यात असते. मीही ती तशीच वेगवेगळी वाचली होती.

मनोहरगडावर फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांचे मुलगे होते, वाडीचे युवराज अण्णासाहेब होते, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत असे पुष्कळ होते. जनरल डेलामोट आणि कर्नल औट्रम यांच्या फौजांनी १८४५ च्या जानेवारीत गड घेतला. मोठी मंडळी गोव्यात निसटली. अण्णासाहेबांचा हक्क पुढे मान्य झाला आणि १८६७ मध्ये ते गादीवरही आले. दोनच वर्षांत निवर्तले. गडकऱ्यांना अशी गादी नव्हती. कोल्हापूर राज्यातील किल्ले पाडण्यात आले आणि पिढीजात शिबंदीची पद्धतच मोडण्यात आली. त्यानंतर माथे राहिले, वाटा राहिल्या. वरून पाहण्याचे काम तेवढे कोणाचे उरले नाही.

हे सारे मी कठड्याशी उभा राहून सांगत होतो. प्रवचनाची सवय असल्याने थोडे लांबलेच. काही मुले केव्हाच छायाचित्रांकडे वळली होती. श्रावणात कंटाळलेला तो मुलगा मात्र तळहात डोळ्यांवर धरून उत्तरेकडे पाहत राहिला. "फादर, ते दोन सुळके दिसतत, तोच काय?" त्याने विचारले. मी चष्मा पुसला. तो दाखवीत होता तेथे खरोखरच दोन माथे एकमेकांना लागून उभे होते. मी होय म्हणालो. मग त्याने बोट हळूहळू खाली आणले, रानावरून, टेकड्यांवरून, तेरेखोल जिकडे उतरते त्या दिशेने, आणि ते दक्षिणेला गोव्याच्या बाजूला नेऊन थांबविले. "म्हणजे ते हयसून तकडे चलत गेले?"

दरीतून धूसर वाफ वर येऊ लागली होती. गाडीवाला हॉर्न वाजवीत होता. आम्ही ती दोन शिखरे पुसली जाईपर्यंत तेथेच थांबलो.