कीर्द, खतावणी आणि आपला ताळेबंद

गेली अकरा वर्षे सोसायटीच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आहेत. स्मरणिकेसाठी ‘काहीतरी लिहाच’ असा आग्रह झाला तेव्हा हाताशी विषय एकच होता, हिशेब! नाक मुरडू नका मंडळी, या विषयाला मोठा इतिहास आहे.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागद आहेत. त्यांत राजकारण आहे, तसा रोजचा जमाखर्चही आहे. हा हिशेब सांभाळणारा तो फडणीस. नाना फडणवीसांचे मूळ आडनाव भानू, पण लोकांच्या तोंडी राहिले ते हुद्द्याचे नाव. हिशेब लिहिणाऱ्याला केवढे वजन होते, ते यावरून कळते.

आपली जुनी पद्धत सोपी आहे. त्या त्या दिवशी जे घडले ते तसेच लिहायचे, ती रोजकीर्द. तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर नेले की खतावणी. आणि वर्षअखेर देणे-येणे समोरासमोर मांडले की ताळेबंद.

१४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने आपल्या गणितावरच्या ग्रंथात तिथल्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची रीत छापली. रीत त्याने शोधली नव्हती. जिनोआ शहराच्या १३४० च्या वह्यांतही ती दिसते. नियम असा, की प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा. लिफ्टवाल्याला दहा हजारांचा चेक दिला, की बँकेतले दहा हजार कमी आणि लिफ्ट देखभाल खर्चात दहा हजार जास्त. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर चूक नक्की आहे. पण जुळल्या म्हणून सगळे बरोबरच असेही नाही. त्यासाठी व्हाउचर लागतात, आणि १९६० च्या सहकार कायद्याने सांगितलेले ऑडिटही.

याचा उपयोग आपण पाहिला आहे. आपले पहिले खजिनदारकाका गेल्यावर रंगकामाच्या रोख पैशांवरून कुजबुज सुरू झाली. काकू कुणाला काही बोलल्या नाहीत, पण जिन्यात कोणी भेटले की मान खाली घालून जायच्या. मी जुनी फाईल काढली. प्रत्येक रकमेची पावती, त्यावर रंगाऱ्याची सही, आणि कीर्दीत त्याच तारखेची नोंद. सभेत फाईल हातोहात फिरवली आणि विषय संपला. काका बोलायला नव्हते, त्यांची वही बोलली.

दुसरा नेहमीचा प्रश्न, ‘बँकेत एवढे पैसे आहेत, मग मेंटेनन्स का वाढवता?’ अहो, त्यातले पुष्कळसे सिंकिंग फंडाचे आहेत. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के बाजूला पडतात, ते इमारतीच्या म्हातारपणासाठी. शिल्लक म्हणजे नफा नव्हे, एवढे ताळेबंद वाचला की लक्षात येते.

घरातही हेच. कॅलेंडरवर दुधाचा खाडा लिहिणारी प्रत्येक गृहिणी कीर्दच लिहीत असते. आता मोबाईलवरून वीस-पन्नास रुपये कधी जातात ते कळतही नाही. मुलांना महिनाभर ते वहीत लिहायला लावा, वेगळा उपदेश करावा लागणार नाही.

सभेआधी वार्षिक अहवाल घरी येतो. त्यातला ताळेबंद जरूर पाहा. अडले तर विचारा, मी संध्याकाळी घरीच असतो. प्रश्न विचारल्याने खजिनदाराचा अपमान होत नाही, कुजबुजीने होतो.

चूकभूल द्यावी घ्यावी.