डोरली आणि बाळंतिणीचा काढा

दशमुळांतली पाच मुळं मोठ्या झाडांची : बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण. उरलेली पाच त्यांच्या पायाशी उगवणाऱ्यांची : सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, गोखरू. बेलाला सगळे ओळखतात, डोरलीची वास्तपुस्त कुणी करत नाही. बांधाच्या कडेला, पडीक जागेत, आंब्याखालच्या कोरड्या मातीत ती येते. कमरेएवढं झुडूप, अंगभर वाकडे काटे, जांभळट फुलं, हिवाळ्यात पिवळी होणारी लहान गोल फळं. कन्नडात ही गुळ्ळांपैकी एक. नाव ऐकून गळ्यातलं डोरलं आठवतं, पण रूप बघितलं की कळतं, ही वांग्याची बहीण.

आणि वांगं म्हटलं की आम्हा जैन बायकांचे कान उभे राहतात. बावीस अभक्ष्यांत ते आहे. बहुबीज कुणी मोजायचं म्हटलं तर डोरलीच्या एवढ्याशा फळातसुद्धा बिया मावत नाहीत. मग ती घरात कशी आली? भाजी म्हणून नव्हे, औषध म्हणून.

नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, उग्रादित्य नावाच्या दिगंबर आचार्यांनी संस्कृतात ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ लिहिला. मद्य, मांस आणि मध यांच्यावाचून सगळी चिकित्सा सांगायची, हा त्यांचा हट्ट. मांसाची गरज नाही, हे त्यांनी नृपतुंगाच्या सभेत मांडलं, असं तो ग्रंथच सांगतो. 1940 साली सोलापुरातून वर्धमान पार्श्वनाथ शास्त्रींनी तो हिंदी अनुवादासह छापला. नृपतुंग म्हणजे अमोघवर्ष, त्याचं राज्य आपल्या याच मुलखावर होतं. तेव्हा इथं मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता, तंबाखूही नव्हती. ही सगळी वांग्याच्याच कुळातली, पण पोर्तुगीज आल्यानंतर समुद्रापलीकडून आलेली. अकबराच्या दरबारात तंबाखू पोचली ती असद बेगनं विजापुराहून नेलेली, 1604च्या सुमारास. पुढं निपाणीचं अख्खं बाजारपेठेचं गाव तिच्यावर उभं राहिलं, आणि वखारीत तिची धूळ खाल्ली ती बायकांनी. डोरली मात्र इथलीच, उग्रादित्यांच्याही आधीची.

खरा पेच पडतो तो बाळंतिणीच्या खोलीत. दुकानातून दशमूलारिष्टाची बाटली आणायची सोय झाली तेव्हापासून काढा मागं पडला. पण अरिष्ट म्हणजे आंबवलेलं, त्यात मद्य आपोआप तयार होतं. शार्ङ्गधराच्या पाठात तर मध आहे आणि शेवटी कस्तुरीही. व्रत पाळणाऱ्या सासूनं हे सुनेला कसं द्यावं? म्हणून आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाटलीला हात न लावता भरड आणून रोज ताजा काढा उकळायच्या. त्यांना कुणी हटवादी म्हणालं तर म्हणोत. अकराशे-बाराशे वर्षांचा एक विचार त्या चुलीवर चालवत होत्या, ग्रंथाचं नाव ठाऊक नसताना. पण भरडीत काय असतं? डोरलीच्या नावाखाली दुसऱ्या रानवांग्यांची मुळं सर्रास मिसळतात. म्हणून झाड घरी असावं.

अनगोळात चार महिने धो-धो पाऊस आणि पुढं आठ महिने कोरड. आंब्याखाली तर उरलेलं पाणीही आंबाच ओढून घेतो. तिथं तुळस तग धरत नाही, डोरली धरते. पिकलेली फळं चुरडून बिया धुवायच्या, राखेत वाळवून ठेवायच्या, मृगाच्या आसपास पेरायच्या. चार-पाच पानांवर रोप हलवायचं. पहिला उन्हाळा थोडं पाणी, नंतर फारसं नाही. सकाळचं दोन-तीन तास ऊन मात्र हवं, नाहीतर नुसतीच उंच वाढते, फळ धरत नाही. वाटेपासून लांब लावा, लुगडं अडकतं. पोरांना फळं तोंडात घालू देऊ नका, आणि काढा वैद्याला विचारूनच.

ठिपक्यांचे किडे पानांची जाळी करतात. मी काही मारत नाही. झाड पुन्हा फुटतं. फुलातला पराग टोकाच्या बारीक भोकातून बाहेर येतो. भुंगा फुलाला धरून गुणगुणतो, त्या थरथरीनं तो गळतो. मधमाशीला हे जमत नाही. पहाटे सामायिकाला बसल्यावर ऊन चढेपर्यंत तो आवाज ऐकू येतो.

मूळ काढायचं तर झाड उपटावं लागतं. आमच्या घरी यावर वाद आहे. अक्का म्हणते, औषधासाठी लावलं तर उपटायला काय झालं? मी जुनं, तीन-चार वर्षांचं, आपणहून वाळायला लागलेलं झुडूपच खणते, तेही फळं पिकून बिया पडल्यावर. मूळ कमी मिळतं, एका बाळंतिणीपुरतं. गेल्या हिवाळ्यात बुलबुलांनी बिया शेजारच्या लिंगायत काकूंच्या आंब्याखाली नेल्या. त्या म्हणाल्या, “गुळ्ळ आलंय, काढून टाकू?” मी म्हटलं, “राहू द्या, तुमची लेक वैशाखात माहेरी येणार आहे ना.”