सत्तावीस की बहात्तर?

तेलंगणाच्या सीमेलगत, नांदेड जिल्ह्यातील एका लहानशा प्रार्थनास्थळी आम्ही मिस्साबलिदानास जात असू, तेव्हाची ही गोष्ट. “गीत क्रमांक सत्तावीस,” असे सांगताच सर्वांची पाने उलटू लागली. पुढच्या रांगेतील दुसरी इयत्तेचा एक मुलगा मात्र ७२ वे गीत उघडून गाण्याची वाट पाहत बसला. शेजारच्या ताईने त्याच्या हातातील पुस्तक ओढून घेतले आणि त्याचा चेहरा उतरला. मिस्सानंतर आम्ही त्याला जवळ बोलावले. तो म्हणाला, “फादर, तुम्ही सात आधी म्हणालात, म्हणून मी सात आधी बघितला.”

त्याच्या बोलण्यात चूक काढण्यासारखे काहीच नव्हते. ‘सत्तावीस’ या शब्दात सात आधी ऐकू येतो आणि वीस नंतर; लिहिताना मात्र दोन आधी लिहायचा आणि सात नंतर. शिवाय या बाळाच्या घरी आजी तेलुगू बोलत असे. तेलुगूत सत्तावीसला ‘इरवै एडु’, म्हणजे ‘वीस सात’ म्हणतात. घरी एक क्रम, शाळेत दुसरा. पाटीवरची आकृती घरच्या बोलीला जुळणारी, पण गुरुजींच्या तोंडचा शब्द तिच्या उलट! अशा मुलाला आपण चटकन ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतो.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक का जाणवतो, हे समजण्यासाठी थोडे इतिहासात डोकावले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा हैदराबाद राज्याची वाटणी भाषेच्या रेषेवर करण्यात आली. बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके उस्मानाबादेस जोडले गेले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर ते लातूरकडे आले. नांदेडचा मुधोळकडील भाग आंध्रात गेला, तर आदिलाबादकडून किनवट इकडे आले. पण नकाशावर रेष ओढली म्हणून माणसांच्या चुली थोड्याच बदलतात! देगलूर, बिलोली, धर्माबादकडे घरोघरी तेलुगू राहिली; उदगीर, निलंग्याकडे कानडी राहिली; तांड्यांवर गोरमाटी आणि किनवटच्या डोंगरात गोंडी व कोलामी राहिली. कानडीतही सत्तावीस म्हणजे ‘इप्पत्तेळु’, वीस आधी आणि सात नंतर. उर्दूतील ‘सत्ताईस’ मात्र आपल्या मराठीसारखाच सातापासून सुरू होतो.

त्याआधीच्या काळी पंतोजींच्या शाळेत अंकगणित कसे चालत असे? मुले धूळपाटीवर बोटाने अंक गिरवीत, एका सुरात पाढे म्हणत. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकीही पाठ करावी लागे. पाठांतराचा तो भार आज आपल्याला निर्दय वाटतो, आणि पंतोजींची छडी तर निर्दय होतीच. परंतु त्या पाठांतरामागे बाजार उभा होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर! पावकी येणाऱ्या पोराला तागडीपुढे कोणी फसवू शकत नसे. मराठवाड्यात तर आणखी एक अवघड हिशेब होता. निजामाचा ‘हाली’ रुपया वेगळा आणि इंग्रजी अमलातील ‘कलदार’ वेगळा. सात हाली दिले की सहा कलदार येत. लातूरच्या आडतीवर बसणाऱ्या मुलाला हे त्रैराशिक शाळेत नव्हे, तर गल्ल्यावरच शिकावे लागे.

शाळेतील वरच्या शिक्षणाची भाषा तेव्हा प्रामुख्याने उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. उर्दू ही समृद्ध आणि गोड भाषा आहे. तिच्याविषयी आमच्या मनात अढी नाही. परंतु मराठी, तेलुगू अथवा कानडी घरातील मुलाला ज्ञानाच्या दाराशी आधी परक्या भाषेचा उंबरा ओलांडावा लागे, आणि पुष्कळ मुले त्या उंबऱ्याशीच थांबत. म्हणूनच १९२१ साली हिप्परग्यास सुरू झालेली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थांचे नेतृत्व लाभलेली राष्ट्रीय शाळा या भागाला एवढी मोलाची वाटली. मुलांच्या भाषेत शिकवणे हेदेखील तेथे स्वातंत्र्याचेच काम होते.

पुढे १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, मागोमाग किलो आणि मीटर आले, आणि औटकी निरुपयोगी ठरली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९६७ मध्ये ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि किनवटपासून कोकणापर्यंतच्या मराठी मुलांच्या हाती एकच पाठ्यपुस्तक आले. एका पुस्तकाने समानता आणली, यात शंका नाही. मात्र ते पुस्तक घरी कोणती भाषा बोलली जाते हे विचारू शकत नाही. ते काम गुरुजींचे आणि बाईंचेच राहिले.

जून २०१९ मध्ये हाच प्रश्न साऱ्या महाराष्ट्रासमोर आला. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ असे संख्यावाचन छापले गेले. वर्तमानपत्रांत टीका झाली, विधानसभेत थट्टा झाली, मराठीचा ऱ्हास होणार असे अनेकांना वाटले. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितले की जुने शब्द काढलेले नाहीत. जोडाक्षरांना बिचकणाऱ्या मुलांसाठी एक सोपी पायरी दिली आहे. २०२३ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या म्हणण्याकडे आपण पुन्हा एकदा लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. जे मूल मुळाक्षरे आणि बाराखडी ओलांडून नुकते जोडाक्षरांपाशी पोहोचले आहे, त्याला ‘त्रेसष्ट’ अन् ‘अठ्ठ्याण्णव’ हे शब्द वाचायचे असतात आणि त्याच वेळी त्यांचे अंक उलट क्रमाने मांडायचे असतात. वाचन आणि गणित ही दोन्ही ओझी एकाच क्षणी त्याच्या डोक्यावर येतात. त्यातच ‘एकोणतीस’ म्हणताना तीसातून एक वजा करायचा असतो!

मुलाच्या भाषेपासून आरंभ करावा की नाही, हा वाद आपल्याच मुलखातला नाही. आपल्या ख्रिस्तसभेलाही तो ठाऊक आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये मुलांना वाचन शिकवले जाई ते लॅटिनमधून. संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल यांनी आपल्या शाळांत गरिबांच्या मुलांना आधी फ्रेंच वाचायला शिकवले. एका महागुरुस्वामींनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी कारणे लिहून दिली. गरिबाचे मूल शाळेत थोडाच काळ टिकते; न समजणाऱ्या भाषेत तो काळ दवडला तर त्याच्या हाती काहीच उरत नाही, असा त्यांच्या विचाराचा गाभा होता. ज्यांच्या पद्धतीवर एके काळी आक्षेप घेतला गेला, त्यांनाच १९५० मध्ये बाराव्या पायस यांनी शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

त्या गीतपुस्तकवाल्या मुलासाठी त्याच्या शाळेतील बाईंनी केले ते अगदी साधे होते. ज्वारीच्या धाटाचे तुकडे आणवले आणि दहा-दहाच्या पेंढ्या बांधायला लावल्या. दोन पेंढ्या आणि सात सुटे तुकडे समोर ठेवून त्या म्हणाल्या, “हे तुझ्या आजीच्या बोलीत सांग.” त्याने सांगितले. “आता लिही.” त्याने २७ लिहिले. मग त्यांनी ‘वीस सात’ म्हणून घेतले आणि सर्वांत शेवटी ‘सत्तावीस’. आजीची बोली अडचण न राहता शिडी झाली.

पालकहो, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. आज आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे पोटाला चिमटा काढून मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. त्यांच्या आकांक्षेला आम्ही नावे ठेवणार नाही. पण घरी येताच मुलाशी त्याच्या भाषेत बोला. पीठ मोजताना, अंडी मोजताना, जपमाळेचे मणी मोजताना त्याला सोबत घ्या. जपमाळेत दहा मण्यांचा एक दशक असतो. गणितातला दशकही दहाचाच!

शंभर मेंढरांच्या दाखल्यातील मेंढपाळाने मोजले, म्हणून तर एक कमी आहे हे त्याला कळले. वर्गातील नव्याण्णव मुले पुढे गेली तरी ७२ वे पान उघडून बसलेल्या एका मुलासाठी मागे वळणारे गुरुजी, बाई, आजी आणि आईबाप या मुलखाला लाभोत, हीच त्या उत्तम मेंढपाळाच्या चरणी आमची प्रार्थना आहे.