साडेचार तास

९ फेब्रुवारी २०२२, बुधवार. ही सकाळ मी जपून ठेवली आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातल्या कुठल्याही रुग्णालयाचा विजेचा नकाशा हातात आला, की मी ही सकाळ त्यावर चालवून बघतो. खाली येणारा रुग्ण आणि रुग्णालय काल्पनिक आहेत. वीज गेली ती खरी, आणि यंत्रं वागतात तीही अशीच.

पहाटे ४.३०. दाट धुकं. टॉवरलाइनच्या इन्सुलेटरवर महिनोन्‌महिने बसलेली धूळ दवाने भिजली की तिच्यातून वीज वाट काढते. महापारेषणच्या ४०० केव्ही वाहिन्या एकेक करून ट्रिप व्हायला लागतात.

५.१५. मोशीत पहिल्या पाळीला निघालेल्या एका कामगाराच्या हातातून चहाचा कप पडतो. उजवा हात उचलला जात नाही, तोंड वाकडं. घरचे म्हणतात, वारं गेलं. तेल गरम होतं, चोळणं सुरू होतं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणजे ९.४५ पर्यंत. पण आधी सीटी स्कॅन हवा, कारण आत रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेईल.

६.००. पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, सगळीकडचे मोठमोठे भाग अंधारात. आपल्या रुग्णालयाने दोन वेगवेगळ्या सबस्टेशनांवरून दोन फीडर घेतले आहेत, त्यासाठी पैसे मोजले आहेत. पण बिघाड दोन्हींच्या वर, ४०० केव्हीवर आहे. दोन्ही मेलेले.

६.०० आणि १२ सेकंद. वीज जाताच आपोआप काम करणारं एएमएफ पॅनेल डिझेल जनरेटर, म्हणजे डीजी, सुरू करतं. दिवे येतात, वॉर्डात सुटकेचा श्वास. सीटीचा कन्सोल यूपीएसवर होता, तो चालूच राहिला. गॅन्ट्री, म्हणजे रुग्णाभोवती फिरणारं कडं, मात्र बंद पडली होती. ती उठून तयार व्हायला बराच वेळ घेते.

६.४०. रुग्ण पोचतो. तेल चोळण्यात आणि सिग्नल बंद पडलेल्या रस्त्यावर ८५ मिनिटं गेली. अशा झटक्यात मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात.

६.५५. इथे थांबून नीट बघायला हवं.

सीटी नुसता उभा असतो तेव्हा जेमतेम पाचेक किलोवॉट घेतो. क्ष-किरण सुटतात त्या काही सेकंदांत मात्र त्याच्या क्षमतेनुसार १०० केव्हीएपर्यंत घोट घेतो. एरवी हा घोट ६३० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला जाणवतसुद्धा नाही. त्याचा इम्पिडन्स, म्हणजे आतला अडथळा, पाच टक्क्यांच्या आत, व्होल्टेज एक टक्काही हलत नाही. पण आत्ता पलीकडे आहे १२५ केव्हीएचा डीजी. त्याच्या अल्टरनेटरचा असाच अडथळा, क्षणिक रिअॅक्टन्स, २० टक्क्यांच्या आसपास. ढोबळ हिशेब केला तरी व्होल्टेज एकदम १५ टक्के बसतं. यंत्र साधारण दहा टक्क्यांपर्यंतच सहन करतं. त्यात त्याच क्षणी लिफ्टची मोटर सुरू होते.

आधीचं हलकं दिशादर्शक चित्र नीट आलं होतं. मुख्य स्कॅन सुरू होताच तुटतो.

७.२०. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. टेक्निशियन यंत्राच्या कंपनीला फोन लावतो. दिवे लख्ख जळताहेत, पंखे फिरताहेत. पुरवठ्यावर संशय कोण घेणार? मला या क्षणाची सर्वांत जास्त भीती वाटते. मीटर बघायला गेलात तर तिथेही ४१५ व्होल्ट दिसतील, कारण व्होल्टेजमध्ये खड्डा पडला तो अर्ध्या सेकंदापुरता.

७.४५. दुसरीकडे हलवायचं ठरतं. तिथली वीज आहे का, हे विचारायला फोन. अँब्युलन्स. रस्त्यावर आता पाळीच्या बसगाड्यांची गर्दी.

८.५०. दुसऱ्या रुग्णालयात आपल्याआधी दोन रुग्ण सीटीच्या रांगेत.

९.४५. वेळ संपली.

आता कागदाकडे. लोड शीटवर सीटीपुढे लिहिलंय: ७.५ किलोवॉट. महिन्याच्या युनिटांना तासांनी भागून कुणीतरी हा आकडा काढला, आणि बिलासाठी तो बरोबरही आहे. त्याच आकड्यावरून डीजी ठरला, केबल ठरली. या माणसाचा उजवा हात त्या भागाकारात गेला.

डीजीपुढचा १२५ केव्हीए मी खोडतो, ३२० लिहितो. खड्डा सहा टक्क्यांवर येतो. सीटीला मुख्य पॅनेलपासून स्वतंत्र, जाड केबल, मध्ये दुसरं काही जोडायचं नाही. डीजीवर असताना स्कॅन चालू असेल तर लिफ्ट थांबेल, असा इंटरलॉक. चाचणीच्या रकान्यात: मुख्य ब्रेकर पाडून, डीजीवर, पूर्ण क्षमतेने स्कॅन, व्होल्टेजची नोंद रेकॉर्डरवर.

मग घड्याळ पुन्हा ५.१५ वर नेतो. चहाचा कप पडतो.