बारावीचं गणित आणि नॉर्दॅम्प्टनचा तक्ता

परवा मावशीकडे जेवायला गेलो होतो. मावसभाऊ यंदा बारावीला. वरणभात कालवता कालवता मावशी म्हणाली, "ह्याला इंजिनिअरिंग नकोय. अ‍ॅक्च्युअरी व्हायचंय म्हणे. आता तूच सांग बाबा!" भावाचा प्रश्न मात्र सरळ होता, "दादा, त्या डिग्रीला बारावीचं गणित पुरेल का रे?"

"पुरेल की," म्हणून मी मोकळा झालो. पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. मग शनिवार-रविवार या धंद्याचा इतिहास वाचण्यात गेला.

अ‍ॅक्च्युअरी म्हणजे विमा आणि पेन्शनचे हिशेब मांडणारा माणूस. लोक किती जगतील याचा अंदाज घ्यायचा आणि त्यावरून आज किती पैसे घ्यायचे ते ठरवायचं. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीने १६९३ साली ब्रेस्लाउ (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून एक तक्ता छापला. त्यात विसाव्या वर्षी ५९८ माणसं आहेत, एकविसाव्या वर्षी ५९२. म्हणजे वर्षभरात शंभरात साधारण एक गेला. हा भागाकार सातवीतलं पोरगंही करेल! त्याला चक्रवाढ व्याज जोडलं की पेन्शनची किंमत निघते. पुढे वयानुसार विम्याचा हप्ता ठरवायची पद्धत मांडणारा जेम्स डॉडसन तर लंडनमध्ये शाळामास्तरच होता. तो १७५७ मध्ये वारला आणि १७६२ मध्ये त्याच्या पद्धतीवर इक्विटेबल ही विमा कंपनी उभी राहिली. 'अ‍ॅक्च्युअरी' हे पद तिथलंच.

इथवर वाचून वाटलं, चला, आपलं उत्तर बरोबर होतं. आणि मग आलं नॉर्दॅम्प्टन.

रिचर्ड प्राइस हा पाद्री गणितात कच्चा मुळीच नव्हता. थॉमस बेजचा प्रसिद्ध निबंध त्याच्या मृत्यूनंतर जगापुढे आणणारा तो हाच. त्याने नॉर्दॅम्प्टनमधल्या चर्चच्या नोंदी घेतल्या. बाप्तिस्मे कमी, दफनं जास्त. त्याने धरलं की बाकीची माणसं तरुणपणी बाहेरून येत असणार. पण गावात बॅप्टिस्ट पंथाचे लोक बरेच होते, आणि ते तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. मुलं जन्मत होती, फक्त वहीत चढत नव्हती. त्यामुळे तक्त्यात लोक होते त्यापेक्षा लवकर मरताना दिसले.

गंमत पुढेच आहे. विम्यासाठी हा तक्ता वापरून इक्विटेबलने हप्ते चढे लावले, लोक अंदाजापेक्षा जास्त जगले आणि कंपनी गब्बर झाली. १८०८ पासून ब्रिटिश सरकारने त्याच तक्त्यावर आयुष्यभराची पेन्शन विकायला सुरुवात केली. इथे माणूस जास्त जगला की तोटा! जॉन फिनलेसनने १८१९ मध्ये चूक दाखवून दिली, तरी विक्री थांबायला १८२८ उजाडलं. तोवर लाखो पौंड गेले होते. बेरीज-वजाबाकी सगळी बरोबर होती हं.

हे वाचताना मला माझी पहिली नोकरी आठवली. ग्राहकांचं सरासरी वय काढून मी मोठ्या ऐटीत रिपोर्ट दिला होता. ते आलं होतं ७१. ज्यांची जन्मतारीख माहीत नव्हती, त्यांच्यापुढे सिस्टिमने १ जानेवारी १९०० भरली होती. बारावीला गणितात ९६ मार्क होते मला!

बारावीच्या पेपरात आकडे दिलेले असतात. कॉमर्सच्या गणितात तर विमा आणि वार्षिकीचा धडाही आहे. तो हवाच. कॅल्क्युलस आणि संभाव्यता पक्की नसेल तर त्या डिग्रीत पहिल्याच वर्षी दमछाक होईल. पण 'हा आकडा आला कुठून, आणि मोजताना कोण सुटलं?' हा प्रश्न बोर्डाच्या पेपरात मला कधी आला नाही.

रात्री भावाला फोन करून हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण दादा, ह्याचा क्लास कुठे असतो?"

असो. पोरगं अजून बारावीतच आहे.