‘नांदायला जा’ : रखमाबाईंचा खटला

लेक सासरी रमत नाही असे कळले की वडीलधाऱ्या बायका ठरलेले बोल बोलतात. जुळवून घे, चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. हा सल्ला खोटा नव्हे. आपल्यापैकी कितीजणींचे संसार त्याने सावरले आहेत! पण मुळात संसारच सुरू झालेला नसेल तर जुळवून घ्यायचे कशाशी? हा प्रश्न मुंबईच्या एका मराठी मुलीने थेट हायकोर्टात उभा केला.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा, सुतार समाजातला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी लावून दिले. दादाजींनी शिकावे, मार्गाला लागावे असे ठरले होते. मुलगी लहान म्हणून माहेरीच राहिली. दादाजींचे शिक्षण सुटले, रखमाबाई मात्र घरच्या घरी वाचत राहिल्या. बहुतेक मुलींना सासर कळे ते उंबरठा ओलांडल्यावर. यांना ते दुरून निरखायला आठएक वर्षे मिळाली.

१८८४ साली दादाजींनी दावा लावला : बायको नांदायला पाठवा. रखमाबाईंचे म्हणणे असे, की त्यांना मला पोसण्याची ऐपत नाही, प्रकृती धड नाही, ज्या मामांच्या आश्रयाने ते राहतात ते घर राहण्याजोगे नाही, आणि लग्न लागले तेव्हा मला काही कळत नव्हते. लग्न लागलेच नाही, असे त्या म्हणाल्या नाहीत. लग्नसंस्था मोडायलाही त्या निघाल्या नव्हत्या. या एका घरी जाणार नाही, एवढेच.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचा मुद्दा आपल्या स्वयंपाकघरातल्या बाईलाही पटावा असा आहे. हा कायदा विलायतेतून आलेला. एकत्र राहिलेले नवरा-बायको वेगळे झाले तर त्यांना परत एकत्र आणण्यासाठी. इथे दोघे एकत्र राहिलेच नव्हते, मग ‘परत’ कसले?

अपिलात हा निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. टिळकांसारख्या मोठ्या माणसाची लेखणीही त्यांच्या विरुद्ध चालली. शेजारपाजारच्या बायका काय म्हणत असतील ते मी सांगायला नको. विलायतेच्या राणीने त्यांना सोडवले अशी कथा सांगतात; प्रत्यक्षात जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. पुढे त्यांनी दुसरे लग्नही केले.

त्याच काळातल्या रमाबाई रानडे पाहा. त्यांचेही लग्न अकराव्या वर्षी, १८७३ साली झाले. नवरा वीस वर्षांनी मोठा. सासरच्या बायकांचा सल्ला होता, शिकू नकोस. रमाबाई नवऱ्याच्या मताने चालल्या आणि शिकल्या. एकीने नवऱ्याचे ऐकले, दुसरीने ऐकले नाही, आणि दोघींनीही आपापल्या लग्नापुरते बरोबरच ओळखले असे मला वाटते. रमाबाईंचे उदाहरण रखमाबाईंच्या तोंडावर फेकणे सोपे होते, पण न्यायाचे नव्हते. (ती नांदायला आणण्याची तरतूद १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून आली आहे, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसते.)

रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरतेला रुजू झाल्या. १९०४ साली दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली. पुष्कळांना हे विसंगत वाटते. मला वाटत नाही. लग्नाचा विधी त्यांनी कधीच नाकारला नव्हता, नाकारले होते ते घर. त्या पांढऱ्या साडीतच त्यांनी पुढे कित्येक वर्षे सुरत आणि राजकोटच्या बायकांवर उपचार केले. १९५५ च्या सप्टेंबरात, नव्वदीला पोचून, त्या निवर्तल्या.