भिंतीवरचा लाल त्रिकोण

रत्नागिरीजवळच्या पावसला संत स्वामी स्वरूपानंद राहत त्या अनंत निवासाच्या वाटेवर एका चिऱ्याच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता. माझे वडील, अण्णा, प्राथमिक शिक्षक. वाडीतल्या बायकांना त्या त्रिकोणाचा अर्थ आई सांगायची आणि त्या मन लावून ऐकायच्या, कारण एकामागून एक बाळंतपणांनी त्या खरोखरच थकल्या होत्या.

कुटुंब नियोजनाचा विचार मुळात सरकारचा नव्हे. मुरूडच्या कर्वे घराण्यातल्या र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी ब्रिटिश अमदानीत त्यांच्यावर खटले झाले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तोच विचार सरकारी कार्यक्रम म्हणून उचलला. भिंतीवरची चित्रं, आकाशवाणी, थिएटरात सिनेमाआधी दाखवले जाणारे फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट, हा सगळा प्रचारच होता. पण न पटणाऱ्याला ‘नको’ म्हणायची मोकळीक होती.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. फेब्रुवारी १९७६ मध्ये चार वृत्तसंस्थांची मिळून एकच ‘समाचार’ झाली. भिंतीवरचा त्रिकोण तोच राहिला, पण अण्णांना वरून कोटा आला: नसबंदीच्या इतक्या केसेस आणा, नाहीतर पगार अडेल. ते संध्याकाळी घरोघर जायचे, तेव्हा ज्यांची पोरं त्यांनी शिकवली तीच माणसं मागच्या दाराने बागेत निघून जायची. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आलं नाही. तरीही १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. रेडिओ कौतुकाने आकडे सांगायचा. जबरदस्तीची हकिगत मात्र आम्हाला गणपतीला आलेल्या चाकरमान्यांकडून कळली.

मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत रत्नागिरी आणि राजापूर, दोन्ही जागा जनता पक्षाने जिंकल्या. ‘कुटुंब नियोजन’ खात्याचं नाव बदलून ‘कुटुंब कल्याण’ झालं. पण आईने त्रिकोणाचा विषय काढला की बायका पदर सावरून उठायच्या. तिचं सांगणं आधीही खरं होतं, नंतरही खरंच होतं.

सरकारने लोकांना जरूर सांगावं. पण दुसऱ्याचं तोंड दाबून सांगितलेलं खरंसुद्धा लोकांना खोटं वाटू लागतं, आणि त्याची किंमत सरकार बदलल्यावरही गावाला मोजावी लागते.